चित्र हवे की खबर?

दिवाळीच्या रात्री गच्चीवर एखादे पोर पेटलेली फुलबाजी हातात धरून गरगर फिरवू लागले, की पाहणाऱ्याला अंधारात प्रकाशाचे एक कडे दिसते. वास्तविक तेथे कडे नसते. जळते टोक एकच असते आणि ते एका क्षणी एकाच जागी असते; बाकीचे कडे आपला डोळा पुरे करतो. मांडूक्य उपनिषदावरील आपल्या कारिकांत गौडपादाचार्यांनी कोलतीच्या अशाच फिरण्याचा दृष्टान्त घेतला आणि त्या प्रकरणाला 'अलातशांति' असे नाव दिले. आचार्यांना त्यातून तत्त्वज्ञान सांगावयाचे होते. पुढच्या काळातील व्यवहारी माणसांनी त्याच भासावर सिनेमा उभारला, टेलिव्हिजन उभारला, आणि आता संगणकावरचे सामनेही उभारले आहेत.

फुलबाजीच्या या खेळात एक मेख आहे. ती सावकाश फिरवली, तर एकेक ठिणगी वेगळी दिसते, पण कडे तुटते. जोराने फिरवली, तर कडे अखंड होते, पण ठिणग्या एकमेकींत मिसळून जातात. दोन्ही साधावयाचे तर फुलबाजी अधिक तेजाची पाहिजे, आणि मग तिला दामही अधिक पडणार. हलत्या चित्रांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास हा या एकाच देवघेवीचा इतिहास आहे, असे मला वाटते; आणि त्याचा ताजा अध्याय सध्या अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या फ्लॅटांतून लिहिला जात आहे. वडील म्हणतात, एवढे पैसे घालावयाचेच तर 'फोर-के'चा मॉनिटर घेऊ, चित्र कसे आरशासारखे दिसेल. मुलगा म्हणतो, चित्र साधे असले तरी चालेल, पण '२४० हर्ट्‌झ' पाहिजे. वडिलांना हा हट्ट वाटतो. मुलाला वडील अडाणी वाटतात. आपण एक फार जुने भांडण पुढे चालवीत आहोत, हे दोघांच्याही गावी नसते.

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे असंख्य ठिपक्यांचे असते. ते किती ठिपक्यांचे, हे सांगणारा शब्द म्हणजे रेझोल्यूशन. आणि ते चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढले जाते, तो आकडा म्हणजे फ्रेमरेट. पडदा ते किती वेळा बदलून दाखवू शकतो, हे हर्ट्‌झमध्ये मोजतात. पहिला आकडा स्वच्छपणाचा, दुसरा ताजेपणाचा.

मुंबईत हलती चित्रे प्रथम दिसली ती ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. ल्युमिए बंधूंचे यंत्र सेकंदाला सुमारे १६ चित्रे दाखवी. ती जादू पाहून ज्यांच्या मनाने घेतले, त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे छायाचित्रकार होते. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रीकरण केले. भारतीय माणसाने घेतलेल्या अगदी पहिल्या चलच्चित्रांपैकी हे एक, आणि ते एका सामन्याचे असावे, हा योग मोठा बोलका आहे. कुस्तीतला डाव पापणी लवते न लवते तोच होऊन जातो. सेकंदाला १६ चित्रे घ्यावयाची, म्हणजे दोन चित्रांत सेकंदाच्या सोळाव्या हिश्शाची फट राहते. त्या फटीत कुणी पट काढला, तर या चित्रात पैलवान उभा आणि पुढच्या चित्रात तो निम्मा आडवा! डाव कसा पडला, हे फिल्मला ठाऊकच नाही.

मग चित्रे अधिक का घेत नसत? कारण फिल्मला पैसे पडत. ३५ मिलिमीटरच्या एक फूट फिल्मवर १६ चित्रे बसतात. म्हणजे सेकंदाला एक फूट आणि मिनिटाला ६० फूट फिल्म जाणार. वेग दुप्पट केला की खर्चही दुप्पट. हाताने दांडा फिरवणारा कॅमेरावाला हा त्या काळी कलावंत असे आणि हिशेबनीसही असे. दादासाहेब फाळक्यांनी तर हा हिशेब उलट्या बाजूने करून दाखविला. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याची ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली आणि अंकुराची कित्येक दिवसांची वाढ डोळ्यांदेखत घडवून दाखविली. काळ ताणता येतो आणि आवळताही येतो, फक्त चौकटींचा दर हाती पाहिजे, हे मर्म दादरच्या त्या गृहस्थाने १९१२ सालीच ओळखले होते. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात त्यांचा चित्रपट लोकांसमोर आला.

या देवघेवीचा पहिला कायमचा निवाडा डोळ्याने केला नाही. तो कानाने केला. १९३१ साली 'आलम आरा'ने हिंदी पडदा बोलता झाला. आवाज हा फिल्मच्याच कडेला पट्टीसारखा छापावयाचा असल्यामुळे हाताचा दांडा निरुपयोगी ठरला. वेग कमीजास्त झाला की नायिकेचा आवाज नायकासारखा व्हावयाचा! आणि आवाज नीट उमटण्यास फिल्म पुरेशा वेगाने धावली पाहिजे. हॉलिवूडने सेकंदाला २४ चित्रे हा दर ठरविला, जगाने तो मानला. १९३४ साली मालाडला निघालेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये आणि १९४३ साली गोरेगावला उभ्या राहिलेल्या फिल्मिस्तानात कॅमेरे चालले ते याच दराने : मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपे. उपनगरे तेव्हा झाडीची आणि शांत होती, म्हणूनच बोलपटांना मानवली.

पण २४ चित्रांनी पडदा लुकलुकतो. त्यावर प्रोजेक्टरवाल्यांनी युक्ती काढली : मधल्या पात्याने तेच चित्र दोनदा, क्वचित तीनदा झाकून दाखवावयाचे. प्रेक्षकाला ४८ झपकारे मिळतात आणि लुकलुक थांबते. नवीन माहिती मात्र २४ चित्रांचीच असते. ही युक्ती वाचकांनी लक्षात ठेवावी. शंभर वर्षांनी ती वेष पालटून पुन्हा भेटणार आहे.

दुसरा निवाडा आकाशातून आला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि वरळीच्या दिशेने तोंड करून उपनगरांच्या गच्च्यांवर अँटेना उगवले. आपल्या पद्धतीत एक चित्र ६२५ ओळींचे आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेत ५२५ ओळी आणि ३० चित्रे. २५ आणि ३० हे आकडे विजेवरून आले : आपला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा, त्यांचा ६०चा. आता गुणाकार करून पाहावा. ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. ५२५ गुणिले ३० म्हणजे १५,७५०. सात समुद्रांपलीकडच्या दोन पद्धती, पण सेकंदाला काढलेल्या ओळी जवळजवळ तितक्याच! वाहिनीची रुंदी ठरलेली असते. तीत ओळी अधिक भराव्या तर चित्रे कमी, चित्रे अधिक भरावी तर ओळी कमी. आम्ही थोडा स्वच्छपणा पत्करला, त्यांनी थोडा वेग. शिवाय लुकलुक टाळण्यासाठी दोघांनीही एक तडजोड केली : आधी विषम ओळींचे अर्धे चित्र, मग सम ओळींचे अर्धे. पन्नास अर्धी चित्रे मिळून पंचवीस पुरी. घाटकोपरच्या आमच्या चाळीत एका बिऱ्हाडी टीव्ही होता आणि सामन्याच्या दिवशी जिन्यापर्यंत माणसे बसत. फलंदाजाने चेंडू टोलवला, की तो पडद्यावर धुरकट होऊन नाहीसा व्हावयाचा. चौकार गेल्याचे समालोचकाच्या आवाजावरून कळावयाचे. पण त्याबद्दल कुणाची तक्रार नसे. चेंडू आम्हांला दिसला नाही म्हणून सामना काही हरावयाचा नव्हता.

येथे या इतिहासाला वळण मिळते. येथवर पडद्यापुढे बसणारा मनुष्य केवळ पाहत होता. घरोघरी व्हिडिओ गेमच्या कॅसेटी आल्या आणि पाहणारा खेळू लागला. तेथेही विजेची आवर्तने आड आली : ६० चित्रांच्या हिशेबाने बांधलेले कित्येक खेळ ५० चित्रांच्या टीव्हीसाठी केलेल्या यंत्रांवर सहाव्या हिश्शाने मंद चालत. आमच्याकडच्या मुलांना त्याची कल्पना नव्हती. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि काही वर्षांत स्टेशनाजवळच्या गल्ल्यांतून सायबर कॅफे निघाले. ज्या यंत्रांवर दिवसा लोक ई-मेल पाहत, त्याच यंत्रांवर संध्याकाळी मुले 'काउंटर-स्ट्राइक' खेळत. हा खेळ १९९९ साली हौशी मंडळींनी तयार केला आणि २००० साली दुकानांत आला. पाच जणांविरुद्ध पाच जण, आणि समोरचा कोपऱ्यातून डोकावला की ज्याने आधी पाहिले त्याचा नेम आधी लागणार.

२००३-०४च्या सुमारास माझ्या एका भाच्याला जेवणासाठी बोलावून आणण्याचे काम बहिणीने माझ्यावर सोपविले होते. घाटकोपर स्टेशनानजीकच्या एका अरुंद गाळ्यात तो बसलेला असे. त्याच्या खांद्यावरून मी पडद्याकडे पाहिले आणि थक्क झालो. चित्र इतके ओबडधोबड, की माणसे ठोकळ्यांची वाटावीत. "यंत्र बिघडले आहे का?" मी विचारले. मान न वळवता तो म्हणाला, "नाही मामा, मीच कमी केलंय. असं जास्त पळतं."

त्याचा हिशेब दूरदर्शनचाच होता. ते काचेचे जड मॉनिटर ओळीओळींनी चित्र काढीत. सेकंदाला सुमारे ७० हजार ओळी काढण्याची ज्याची ताकद, तो ७६८ ओळींचे चित्र सेकंदाला ८५ वेळा दाखवू शके; तेच चित्र ४८० ओळींवर आणले, तर १०० किंवा १२० वेळा. संगणकालाही कमी ठिपके रंगवावे लागत, म्हणून तोही अधिक चित्रे काढी. वरळीच्या इंजिनियरांनी जो गुणाकार सरकारी पद्धतीने मांडला होता, तो या पोराने अभ्यास बुडवून आपला आपण शोधून काढला होता. आणि त्याने कौल उलट दिला होता, हे विशेष. त्याला चित्र नको होते. त्याला खबर हवी होती : शत्रू कोठे आहे ही खबर, आणि तीही शिळी नव्हे.

शिळी म्हणजे किती शिळी? सेकंदाला ६० चित्रे असतील, तर दोन चित्रांत १६.७ सहस्रांश सेकंदांचे अंतर पडते. १४४ असतील तर ६.९, २४० असतील तर ४.२. माणसाला दिसल्यापासून बोट दाबेपर्यंतच सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे २०० सहस्रांश, लागतात; त्यापुढे दहाबारा सहस्रांशांची काय मातबरी, असे कुणी म्हणेल. परंतु दोन्ही खेळाडूंची बोटे जवळजवळ सारखीच चपळ असतील, तर निकाल फरकावर लागतो. धावण्याच्या शर्यतीत छातीभर अंतराने जिंकलेल्याला कुणी 'छातीभरच ना!' म्हणत नाही.

गंमत अशी, की यानंतरच्या काही वर्षांत यंत्रे सुधारली आणि खेळाडूंची मात्र पीछेहाट झाली. काचेचे मॉनिटर गेले आणि पातळ एलसीडी पडदे आले. ते टेबलावर जागा कमी घेत, वीज कमी खात आणि चित्र स्वच्छ दाखवीत. पण बहुतेक सेकंदाला ६० वरच अडत, आणि त्यांचे ठिपके कायमचे ठरलेले असल्यामुळे रेझोल्यूशन कमी केले की चित्र पुसट होई. मुरलेले खेळाडू आपले जुने मॉनिटर कित्येक वर्षे कवटाळून बसले, ते उगाच नव्हे. २००९च्या सुमारास १२० हर्ट्‌झचे पातळ पडदे निघाले, २०१२च्या सुमारास १४४चे, २०१७च्या सुमारास २४०चे आणि २०२० साली ३६०चे. त्यानंतर पाचशेचाही आकडा ओलांडला गेला.

तेव्हा त्या बापलेकांच्या भांडणाकडे आता परत येऊ. फोर-के पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके, म्हणजे एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके. साध्या १,९२० गुणिले १,०८० च्या पडद्यावर २०,७३,६००. बरोबर चौथा हिस्सा. आता फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा काढा, किंवा साधे चित्र २४० वेळा काढा. दोन्हीकडे सेकंदाला ४९ कोटी ७६ लाख ६४ हजार ठिपके येतात. एकाचाही फरक नाही. बाप आणि मुलगा ठिपक्यांची रास तेवढीच मागत आहेत. एकाला ती पडद्यावर पसरून हवी आहे आणि दुसऱ्याला काळावर. बापाला पाहावयाचे आहे, मुलाला खेळावयाचे आहे. अज्ञान कुणाचेच नाही आणि हट्टही कुणाचा नाही.

हा निवाडा मला प्रत्यक्ष द्यावा लागला. सायबर कॅफेतला तो भाचा आता मुलुंडला राहतो, केस पांढरे होऊ लागले आहेत, आणि वडिलांच्या भूमिकेतून फोर-केची बाजू तोच मांडीत होता! मी त्याला ठोकळ्यांच्या माणसांची आठवण करून दिली. तो हसला आणि म्हणाला, "मामा, तेव्हा मी खेळत होतो. आता रात्री नऊला घरी येऊन मला फक्त पाहायचं असतं." याहून नेमके उत्तर मला कुठल्या पुस्तकात सापडले नसते. मी सुचविले, की मुलाला २४ इंची साधा पडदा १४४ हर्ट्‌झचा घ्यावा आणि उरलेल्या पैशांतून संगणकाचे ग्राफिक्स कार्ड बरे घ्यावे. "मामाआजोबा, २४० का नको?" मुलाने विचारले. त्याला मी कागदावर वजाबाकी करून दाखविली. ६० वरून १४४ वर गेले, की जवळजवळ दहा सहस्रांश वाचतात. १४४ वरून २४० वर गेले, तर तीनहून कमी. २४० वरून ३६० वर, तर दीडहूनही कमी. किंमत जिना चढत जाते आणि फायदा उतरत जातो. शिवाय पडदा २४०चा आणि कार्ड नव्वदच चित्रे काढणारे, म्हणजे मोठी परात आणि मूठभर पीठ.

आणखी एक गोष्ट त्याला सांगितली. दूरच्या प्रतिस्पर्ध्याची खबर इंटरनेटवरून येते, आणि ती वाट लांबली तर पडद्याची सारी चपळाई व्यर्थ जाते. या बाबतीत आपली उपनगरे भाग्यवान. समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबली अंधेरीजवळ वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, आणि काही मोठ्या खेळांचे सर्व्हर मुंबईतच आहेत. ज्या वर्सोव्याला कोळणी ताजी मासळी विकतात, तेथेच खबरही ताजी उतरते.

स्पर्धेच्या मैदानात हा निवाडा केव्हाच झाला आहे. जगातील मोठमोठ्या काउंटर-स्ट्राइक सामन्यांत खेळाडूंपुढे २४-२५ इंची, साध्या रेझोल्यूशनचे पण अतिवेगवान पडदे असतात. त्यावरही कित्येक नामांकित खेळाडू चित्र १,२८० गुणिले ९६० पर्यंत उतरवून ते आडवे ताणून घेतात. त्यात जुन्या मॉनिटरांची सवय आहे, शत्रू रुंद दिसण्याची सोय आहे, आणि वेगाची हावही आहे. त्याच सामन्याचा प्रेक्षक मात्र डोक्यावरच्या प्रचंड पडद्यावर झगझगीत चित्र पाहतो. एप्रिल २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 'ईएसएल वन' ही 'डोटा-२'ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. दूरदर्शनचा मनोरा तेथून फार लांब नाही. पाहणाऱ्यांचे युग जेथून सुरू झाले, त्याच परिसरात खेळणाऱ्यांचे युग हजारोंच्या साक्षीने अवतरले. मुंबईच्या 'ग्लोबल ई-स्पोर्ट्‌स' या संघाला २०२२ साली 'व्हॅलोरंट'च्या प्रशांत विभागीय लीगमध्ये स्थान मिळाले. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने या खेळांना क्रीडा खात्याच्या कक्षेत घेतले, आणि ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाचे खेळ निराळे काढले व त्यांवर बंदी घातली. जुगार वेगळा आणि सामना वेगळा, हे आईबापांना जे समजावून द्यावे लागे, ते आता कायद्याच्या पुस्तकात आले आहे.

राहता राहिली ती प्रोजेक्टरवाल्याची युक्ती. २०२२ साली अशी कार्डे बाजारात आली, की ती दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक चित्र स्वतः अंदाजाने तयार करून घालतात. आकडा दुपटीकडे झेपावतो, हालचाल लोण्यासारखी मऊ होते आणि पाहणाऱ्याचा आत्मा शांत होतो. पण त्या मधल्या चित्रात खबर नसते. शिवाय ते रचावयाचे तर पुढचे खरे चित्र क्षणभर थोपवून धरावे लागते. म्हणून कथाप्रधान खेळांत रमणारे ही सोय आनंदाने घेतात आणि सामने खेळणारे ती बंद ठेवतात. पात्याने तेच चित्र दोनदा दाखवावे, तसाच हा प्रकार आहे. फक्त पाते फार हुशार झाले आहे.

यंत्रविद्या पुढे जाऊन दोन्ही गोष्टी देईल, मग हे भांडण संपेल, असे म्हणणारे आहेत. फोर-के आणि २४० हर्ट्‌झ एकाच पडद्यावर देणारे मॉनिटर आता मिळतातही. पण ते भरण्यास सेकंदाला १९९ कोटींहून अधिक ठिपके लागतात, आणि ते पुरविणाऱ्या कार्डाची किंमत ऐकून बापाचा चेहरा पाहावा! उद्या तेही स्वस्त होईल आणि परवा आठ-के येईल. रास वाढेल तशी मागणीही वाढेल. सावेदादांच्या काळी हिशेब फुटांत होता, वरळीला तो ओळींत झाला, आज तो ठिपक्यांत आहे. दुकानदार आपल्याला आकडे सांगणार, कारण त्याच्यापाशी तेच विकावयास आहेत. घरी येणाऱ्या पडद्यापुढे कोण बसणार आहे आणि तो पाहणार आहे की खेळणार आहे, हे दुकानदाराला सांगता येत नाही. ते ज्याचे त्याने आपल्या घरात, शक्य तर मुलाशी अर्धा तास बोलून, ठरवावे.